‘पिशवी’ : एका शब्दाचा अर्थविस्तार आणि स्त्रीचा उपचारनिर्णय

‘हॉर्मोन’ हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली आपल्या व्याख्यानांतून प्रचारात आणला. चेतवणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून तो घडविलेला आहे, आणि मराठीतील ‘संप्रेरक’ ही संज्ञाही त्याच अर्थाला धरून सिद्ध झाली. परिभाषा या नात्याने तिच्यात उणे काढण्याजोगे काही नाही. मात्र शालेय पाठ्यपुस्तकाची वेस ओलांडून ती रुग्णाच्या तोंडी कधी गेली नाही. स्त्रीच्या देहातील संप्रेरकांची घडामोड बोलभाषेत ‘पाळी’, ‘अंगावरून जाणे’, ‘पाळी जाणे’ अशा शब्दांनी व्यक्त होते, आणि ती जेथे घडते असे समजले जाते त्या जागेला एकच नाव आहे : पिशवी. या नावात नेमके काय काय सामावले आहे हा प्रश्न वरकरणी कोशकाराचा वाटेल. बीड जिल्ह्यातील घटनांनी तो प्रश्न वेगळ्याच क्षेत्रात नेऊन ठेवला.

ऊसतोडीसाठी दर हिवाळ्यात पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणाऱ्या मजुरांत बीडच्या कुटुंबांचे प्रमाण मोठे आहे. नवरा-बायकोची जोडी हे तेथे मजुरीचे एकक. त्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेली ‘उचल’ फेडायची असते, आणि कामावरचा ‘खाडा’ दंडाच्या रूपाने त्या हिशेबात चढतो. माणसांच्या जोडीला हत्याराचे नाव देणारी ही भाषा पुष्कळ काही सांगून जाते, पण तो विषय स्वतंत्र आहे. या व्यवस्थेतील अनेक स्त्रियांची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढली गेल्याचे वृत्त २०१९ साली गाजले, तेव्हा राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ स्त्रियांची, म्हणजे दर सहा जणींमागे एकीची, ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत एक नव्हे, हे ध्यानात घेऊनही अंतर डोळ्यांत भरण्याइतके आहे. पंचविशी-तिशीतल्या स्त्रियाही त्यांत होत्या.

खाडा टाळण्याचा दबाव, फडावर पाण्याची व आडोशाची वानवा, त्यातून होणारे जंतुसंसर्ग, लहान वयातील लग्ने व बाळंतपणे, आणि खाजगी रुग्णालयांचा स्वार्थ ही कारणे आता बहुतेकांस परिचित आहेत. भाषेचा त्यातील वाटा मात्र क्वचितच तपासला जातो. योनिमार्गाच्या तपासणीत गर्भाशयाच्या तोंडावर जो लालसर भाग दिसतो, त्यास इंग्रजी वैद्यकात पूर्वी ‘इरोजन’ म्हणत. पुष्कळदा तो इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावामुळे आतील अस्तर बाहेरच्या अंगास सरकल्याने दिसणारा निरुपद्रवी बदल असतो. मराठीत उतरताना त्याची ‘पिशवीला जखम’ झाली. जखम म्हटली की ती चिघळणार, आणि चिघळलेल्या जखमेचा कर्करोग होणार, हा पुढचा तर्क ऐकणारी स्वतःच करते. डॉक्टरांनी तो बोलून दाखविण्याचीही गरज उरत नाही. ‘गाठ’ या शब्दाचेही तसेच. बीजकोशात पाळीच्या चक्राबरोबर होणारी आणि बहुधा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरणारी पाण्याची गाठ, गर्भाशयाच्या स्नायूत वाढणारी साधी गाठ आणि खरोखरीच्या कर्करोगाची गाठ या तीन सर्वस्वी भिन्न वस्तू एका शब्दात एकत्र येतात. ‘पिशवीला सूज’ हे निदान तर औषधाने बऱ्या होणाऱ्या जंतुसंसर्गापासून कशासही लावता येते.

याहून गंभीर गोष्ट खुद्द ‘पिशवी’ या शब्दाची. गर्भाशय हे गर्भ धारण करणारे इंद्रिय. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके स्रवतात ती बीजकोशांतून. गर्भाशय काढले आणि बीजकोश राखले तर पाळी थांबते, पण संप्रेरकांचा स्राव चालू राहतो. रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येण्याची शक्यता तेवढी वाढते. दोन्ही बीजकोशही काढले तर मात्र नैसर्गिकरीत्या काही वर्षांच्या अवधीत हळूहळू घडणारे स्थित्यंतर एका दिवसात घडते. अंगातून गरम वाफा येणे, झोप उडणे, सांधे दुखणे ही त्याची लवकर कळणारी लक्षणे. हाडे ठिसूळ होणे व हृदयविकाराचा धोका वाढणे हे परिणाम उशिरा कळतात. भारतीय स्त्रीची पाळी सामान्यतः सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास जाते. तिशीत बीजकोश गमावलेल्या स्त्रीस म्हणजे पंधरा-सोळा वर्षे इस्ट्रोजेनवाचून काढावी लागतात, आणि तीही मोळ्या डोक्यावरून वाहत. अशा स्त्रीस अन्य बाधा नसल्यास नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरकांची भरपाई औषधाने करावी, असा वैद्यकाचा आजचा सर्वसाधारण निर्वाळा आहे. परंतु ‘पिशवी काढली’ या दोन शब्दांतून बीजकोश राहिले की गेले याचा पत्ता लागत नाही. स्त्रीला तो ठाऊक नसतो. घरी जाताना मिळालेला कागद इंग्रजीत असतो, बहुधा हरवलेलाही असतो. पुढे कंबरदुखीसाठी ती दुसऱ्या डॉक्टरकडे गेली की त्यांनाही सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करूनच अंदाज बांधावा लागतो. कर्नाटकात गेलेल्या टोळीतील स्त्रीची तर दवाखान्याची भाषाच बदललेली असते.

अतिरिक्त रक्तस्राव हे तक्रारीचे मुख्य कारण असले तरी शस्त्रक्रियेपूर्वीच्या पायऱ्या पुष्कळ आहेत. थायरॉईड ग्रंथीचा स्राव कमी पडल्यानेही पाळी जास्त जाते. साध्या रक्ततपासणीत ते कळते आणि रोजच्या गोळीने ते सावरता येते. रक्तस्राव रोखणाऱ्या गोळ्या, प्रोजेस्टेरॉनचा उपचार, गर्भाशयात बसवून काही वर्षे संप्रेरक सोडत राहणारे साधन, हे पुढचे पर्याय. प्रत्येकाची एक किंमत आहे. गोळी दररोज आठवणीने घ्यावी लागते, साधन बसविल्यावर आरंभी काही महिने अनियमित डाग पडतात, तपासणीसाठी पुन्हा यावे लागते. ज्या स्त्रीचे सहा महिने फडावर जातात तिला यांतील काय झेपेल हे तिच्याखेरीज कोणी ठरवू शकत नाही. हे सर्व ऐकून घेतल्यानंतरही एखादी स्त्री शस्त्रक्रियाच निवडील, आणि काहींच्या बाबतीत ती निवड योग्यही असेल. अज्ञानातून दिलेला होकार आणि समजून केलेली निवड यांच्या अंगठ्याचा ठसा कागदावर सारखाच उमटतो, ही खरी अडचण आहे.

या अडचणीचा न्यायशास्त्रीय विचार सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ च्या एका निर्णयात केला. दिल्लीतील ४४ वर्षांच्या स्त्रीने १९९५ साली केवळ दुर्बिणीद्वारे तपासणीस संमती दिली होती. ती भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय, बीजकोश व बीजवाहिन्या काढण्यात आल्या. सज्ञान स्त्रीच्या वतीने आईला संमती देता येत नाही, आणि तपासणीची संमती ही उपचाराची संमती नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, पर्याय, ठळक धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम रुग्णास सांगितले पाहिजेत. दूरान्वयाचे धोके सांगून घाबरविण्याचे मात्र कारण नाही, असाही तोल त्यात राखला आहे. बीडमध्ये २०१९ नंतर खाजगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची अनुमती घेण्याचा दंडक घालण्यात आला. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांचे राज्यांनी तीन महिन्यांत पालन करावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये दिला.

अनुमतीचा दंडक शस्त्रक्रियांची संख्या आवरू शकेल. समजावून सांगण्याचे काम त्याने होत नाही. त्यासाठी लागणारी मराठी अजून पुरती घडलेली नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून शरीरव्यवहाराविषयी मराठीत आडपडदा न ठेवता लिहिले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. त्या प्रयत्नाचा वारसा साहित्याच्या इतिहासात नोंदला गेला, दवाखान्यात मात्र तो पोहोचला नाही. ‘संप्रेरक’ शब्द शिकविण्याचा आग्रह धरण्यापेक्षा रुग्णाच्या शब्दातच भेद पाडणे अधिक फलदायी ठरेल : बाळाची पिशवी वेगळी, आणि तिच्या दोन्ही अंगांना असलेल्या, हाडांना बळ पुरविणाऱ्या बिया वेगळ्या. ‘बिया’ हा शब्द शेतात राबणाऱ्या बाईला परका नाही. घरी नेण्याच्या कागदावर ‘पिशवी काढली; डावी बी ठेवली, उजवी बी ठेवली’ अशी एक ओळ मराठीत लिहिण्यास कोणत्याही रुग्णालयास मिनिटभर पुरते.