टॅग न कापता मिरवलेला लेहंगा

२०१३ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या 'ब्लूमिंगडेल्स' या नामांकित दुकानाने आपल्या महागड्या पोशाखांना एक काळी प्लास्टिकची पट्टी लावायला सुरुवात केली. तीन इंचांची ही पट्टी घेराच्या काठाला, अगदी समोर, चारचौघांना दिसेल अशा जागी लावलेली असे. घरी आरशासमोर कपडा घालून पाहायला तिची काही अडचण नव्हती. पार्टीला जायचं तर मात्र ती तोडावी लागे, आणि एकदा तोडली की पुन्हा जोडता येत नसे. पट्टी गेली की परतीचा हक्कही गेला. दीडशे डॉलरच्या वरच्या कपड्यांसाठी केलेला हा बंदोबस्त चोरांसाठी नव्हता. पूर्ण किंमत मोजून कपडा नेणाऱ्या, एका संध्याकाळी तो मिरवणाऱ्या आणि दोन दिवसांनी बिलासह काउंटरवर आणून ठेवणाऱ्या सभ्य गिऱ्हाइकांसाठी होता.

तिकडच्या व्यापारात या प्रकाराला 'वॉर्डरोबिंग' म्हणतात. आपल्याकडे तो ऑनलाइन खरेदीबरोबर रुळला. हळदीसाठी पिवळा लेहंगा मागवायचा, टॅग ब्लाउजच्या आत खोचायचा, अत्तर मारायचं नाही, जेवताना पदर जपायचा, फोटो आणि रील झालं की घडी घालून पुन्हा पिशवीत. ॲपवर परतीचं कारण विचारतात तिथे 'साइज बसली नाही' यावर टिचकी मारायची. कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला, गरब्याला, ऑफिसच्या दिवाळी पार्टीला हाच मार्ग. ब्रिटनमध्ये बार्कलेकार्डने २०१८ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे दहातल्या एका खरेदीदाराने कबूल केलं होतं, की आपण कपडे केवळ समाजमाध्यमावर फोटो टाकण्यापुरते घेतो आणि परत करतो.

आणि हे कपड्यांपुरतं नाही. भिंतीला चार भोकं पाडण्यापुरतं ड्रिल मशीन, एका ट्रेकपुरता तंबू, बारशापुरता कॅमेरा. अमेरिकेत मुलाकडे राहून आलेल्या काका-काकूंच्या गप्पांत एक किस्सा हमखास असतो: पाहुण्यांसाठी आणलेली हवेची गादी पाहुणे गेल्यावर दुकानात परत केली, आणि 'तिकडे बाई काही म्हणजे काही विचारत नाहीत!' या वाक्यात दुकानाचं कौतुक असतं, तितकंच स्वतःच्या हुशारीचंही.

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे. एवढ्या मोठ्या कंपनीचं काय जातंय?

आपल्यापुरतं बोलायचं तर बहुतेक वेळा जातं ते कंपनीचं नसतंच. मोठी खरेदी-संकेतस्थळं म्हणजे नुसती बाजारपेठेची जागा. तिथे माल मांडणारा विक्रेता निराळा. तो सुरतेचा, उल्हासनगरचा, भिवंडीचा एखादा छोटा व्यापारी असतो, किंवा घरातल्या एका खोलीत पार्सलं बांधणारी बाई. लेहंगा गेला तेव्हा त्याचं पॅकिंग तिच्या खर्चाचं. तो परत आला, तर उलट्या वाहतुकीचा भार अनेक ठिकाणी तिच्याच खात्यावर पडतो. म्हणून हे विक्रेते परत आलेलं प्रत्येक पार्सल मोबाइलचा कॅमेरा लावून उघडतात. काखेत घामाचा डाग निघाला, काठाला हळद लागलेली दिसली, तर तो व्हिडिओ जोडून संकेतस्थळाकडे भरपाईचा दावा करायचा. दावा मान्य झाला तर ठीक, नाही तर डाग तिचा. बरं, कपडा स्वच्छ आला तरी तो हंगामाच्या ऐन दिवसांत तिच्याकडे नव्हता. नवरात्रीचा घागरा दसऱ्यानंतर हातात आला, तर त्याला गिऱ्हाईक कोण? असा माल मग लॉटने, मिळेल त्या भावात जातो.

अमेरिकी दुकानांतही नुकसान मालकाच्या गल्ल्यापाशी थांबत नाही. कमिशनवर काम करणाऱ्या विक्रेत्याने तो झगा विकताना मिळवलेलं कमिशन, झगा परत आला की अनेक ठिकाणी कापून घेतात. अर्धा तास आरशासमोर उभं राहून 'हा रंग तुम्हाला शोभतो' म्हणणाऱ्या मुलीची ती मजुरी असते.

परतीची सवलत मुळात आली कुठून, हे पाहिलं की प्रश्न बराच सोपा होतो. एकोणिसाव्या शतकात फिलाडेल्फियाच्या जॉन वॉनामेकरसारख्या दुकानदारांनी 'पसंत नसेल तर पैसे परत' ही हमी दिली, ती घासाघीस आणि फसवणूक यांनी विटलेल्या गिऱ्हाइकाचा विश्वास बसावा म्हणून. पुढे 'सिअर्स'चा जाडजूड कॅटलॉग शेतावरच्या घरांत पोहोचला. तिथल्या माणसाला वस्तूचं फक्त चित्र दिसत होतं. न पाहता, न चाचपता घेतलेल्या मालाचा धोका त्याने एकट्याने का सोसावा? परतीची सोय म्हणजे त्या न मिळालेल्या चाचपणीची भरपाई होती. आजच्या ऑनलाइन परतीमागेही हेच कारण आहे. कपडा हातात घेऊन पाहता आला नाही म्हणून तो घरी पाहा, एवढाच तिचा अर्थ.

युरोपीय संघाने हे कायद्यातच लिहून टाकलं. २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत, कारण न देता परत करता येते. पण वस्तू कशी आहे, चालते कशी, हे कळण्यापुरती तिची हाताळणी सोडून अधिक वापरामुळे किंमत घटली, तर ती घट ग्राहकाने भरायची. निर्देशाच्या प्रस्तावनेत उदाहरणही कपड्याचंच आहे: ग्राहकाने तो फक्त घालून पाहावा, घालून वावरू नये. त्याआधी २००९ मध्ये लॅपटॉप अनेक महिने वापरून परत करू पाहणाऱ्या एका जर्मन ग्राहकाचं प्रकरण युरोपीय न्यायालयापुढे आलं होतं. न्यायालयाने ग्राहकाची बाजू बरीच उचलून धरली. नुसत्या वापरापोटी सरसकट भरपाई मागता येणार नाही, असं सांगितलं. पण एक दार उघडं ठेवलं. वस्तूचा वापर सचोटीला सोडून झाला असेल, तर भरपाई मागता येईल.

आपल्याकडचा कायदा वेगळ्या वळणाने जातो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सदोष मालाबाबत ठाम आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर तीस दिवसांत सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही गल्ल्यामागची पाटी फाटक्या शर्टाच्या बाबतीत दुकानदाराला वाचवू शकत नाही. २०२० चे ई-व्यापार नियमही खराब, बनावट किंवा जाहिरातीत दाखवल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला भाग पाडतात. मात्र 'मन बदललं' या कारणाने चांगला माल परत करण्याचा सर्वसाधारण हक्क आपला कायदा देत नाही. ती दुकानाने आपणहून दिलेली सवलत आहे, तिच्या अटींसह. 'न वापरलेला, टॅगसह' ही त्यातली पहिली अट. म्हणजे लेहंगा परत करणारी बाई कारणाच्या रकान्यात एकदा आणि 'न वापरलेला' म्हणून पिशवी बांधताना दुसऱ्यांदा, असं दोनदा खोटं बोलते. माझा आक्षेप वापरापेक्षा या खोट्यावर जास्त आहे.

कारण वापरून परत करणं दर वेळी वाईट असतंच असं नाही. एकच कुर्ता दोन मापांत मागवून एक परत करणं यात लबाडी नाही. दुकानाला ते ठाऊक असतं, किंमत ठरवताना ते त्याने धरलेलंही असतं. काही दुकानं तर सांगतातच, वापरून पाहा, नाही आवडलं तर आणा. तिथे दोनदा घातलेले आणि चावणारे बूट खुशाल परत करावेत. फरक पडतो तो घेतानाच परत करायचं ठरवलेलं असतं तेव्हा. त्यावर उपाय म्हणून दुकानांनी काय काय केलं, हेही पाहण्यासारखं आहे. 'कॉस्टको' टीव्ही कितीही दिवसांनी परत घेत असे. २००७ मध्ये त्यांनी इलेक्ट्रॉनिक वस्तूंना नव्वद दिवसांची मर्यादा घातली. गिर्यारोहणाचं साहित्य विकणाऱ्या 'आरईआय'ला लोक गमतीने 'रेंटल इक्विपमेंट' म्हणू लागले होते. त्यांची कायमची हमी २०१३ मध्ये एका वर्षावर आली. 'एल. एल. बीन'ने २०१८ मध्ये आयुष्यभराची हमी गुंडाळली, तेव्हा लोक दुसऱ्यांच्या अंगणातल्या जुन्या बाजारातून घेतलेल्या वस्तूही आणून पैसे मागतात, असं जाहीरपणे सांगितलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. ज्याचा बूट खरंच दोन वर्षांत उसवला, त्यालाही आता दार पूर्वीसारखं सताड उघडं नाही.

कंपन्यांना मात्र साळसूद म्हणायला मी तयार नाही. 'सहज परत करा' हे त्यांचं सगळ्यात मोठं आमिष आहे. त्यावर गिऱ्हाईक ओढायचं आणि बिल छोट्या विक्रेत्याकडे सरकवायचं, हा धंदा त्यांचाच. गिऱ्हाईक हाताबाहेर गेलं की मग पाळत सुरू होते. अमेरिकेत 'द रिटेल इक्वेशन' नावाची कंपनी अनेक दुकानांसाठी कोण किती वेळा माल परत करतो याची नोंद ठेवते, आणि काउंटरवरचा संगणक 'नाही' म्हणाला की का म्हणाला हे नीट कळतही नाही. ब्रिटनच्या 'एसॉस'ने २०१९ मध्ये संशयास्पद परती करणाऱ्यांची खाती बंद करण्याचा इशारा दिला. 'झारा'ने २०२२ मध्ये तिथे ऑनलाइन परतीला शुल्क लावलं, ते प्रामाणिक ग्राहकही भरतो.

एक प्रश्न मला खरोखर अडवतो. मुलाखतीसाठी चांगला शर्ट-पँट लागतो आणि महिनाअखेर खिशात काही नाही, अशा मुलाने टॅग आत खोचून मुलाखत दिली तर? त्याला मी लेहंग्याच्या रांगेत बसवणार नाही. पण त्याच्या गरजेचा बोजा शर्ट विकणाऱ्यावर, त्याला न विचारता टाकणंही पटत नाही. मित्राकडून मागून नेलेला शर्ट ही आपल्याकडे कधीच लाजेची गोष्ट नव्हती. जावेचा शालू, मावशीची ठुशी, शेजाऱ्यांची शेरवानी यांवर कितीतरी लग्नं थाटात झाली. शाळेच्या गॅदरिंगला शिवाजी महाराज आणि झाशीची राणी ड्रेसवाल्याच्या दुकानातूनच येतात, अनामत भरून, पावती घेऊन. आता लेहंगे, शेरवान्या, दागिने, कॅमेरे, तंबू, सगळं भाड्याने देणारी दुकानं मोठ्या शहरांत आहेत.

तेव्हा एक करा. वस्तू घेण्याआधी विक्रेत्याला सरळ सांगता येईल का, हे पाहा: 'रविवारी घालणार आहे, सोमवारी परत आणीन.' तो 'चालेल' म्हणाला तर बिनधास्त न्या, भाडं मागितलं तर द्या. हे तोंडाने म्हणता येत नसेल तर मागवू नका. आणि माल खरंच खराब निघाला, तर गप्प बसू नका: बिल जपून ठेवा, तीस दिवसांची तरतूद दाखवा, आणि दुकान ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.