समुपदेशकाकडे प्रथमच जाताना

ताप आला की आपण दवाखान्यात जातो, जमिनीचा वाद झाला की वकिलाकडे जातो. परंतु झोप उडाली, कशातच मन लागेना, विनाकारण रडू येऊ लागले, तर कोणाकडे जावे हे आपल्या घरांतून अजून ठरलेले नाही. चिखली, मेहकर, खामगावसारख्या गावी कोणी समुपदेशकाचा पत्ता विचारला, तर ‘याला येड लागलं काय?’ असे विचारणारेच अधिक भेटतात. म्हणून या विषयाची साधी माहिती द्यावी असे आम्हांस वाटले.

आम्ही बँकेत नोकरी करणारी माणसे. खिडकीपलीकडच्या माणसाची थकबाकी आम्हांला कळते. त्याला रात्री झोप लागत नाही हे खातेपुस्तकात दिसत नाही. २००६ साली विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे पॅकेज आले, त्यांत आपला बुलढाणाही होता. त्यात कर्ज, व्याज व सिंचन यांचा विचार झाला. पुढे २०१५ साली राज्य शासनाने शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. म्हणजे मनावरच्या ताणालाही उपचार लागतो, हे शासनानेच मान्य केले.

प्रथम, कोण काय करतो हे समजून घेऊ. मनोविकारतज्ज्ञ हे एम.बी.बी.एस. होऊन पुढे या विषयाचे शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ते औषध देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत. चाचण्या व संवादातून उपचार करतात, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. समुपदेशक हे बहुधा मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेले असतात. मात्र ‘समुपदेशक’ अशी पाटी थोड्या दिवसांच्या वर्गानंतरही लावलेली आढळते. म्हणून पदवी कोणती, अनुभव किती, फी किती, भेट किती मिनिटांची, हे आधीच फोनवर विचारावे. फी गावागणिक व माणसागणिक बदलते. काही जण परिस्थिती पाहून ती कमी करतात. तसे विचारण्यात कमीपणा नाही. ठरलेल्या वेळी न गेल्यास पैसे द्यावे लागतात काय, तेही विचारून ठेवावे.

एक भेट साधारणतः पाऊण ते एक तासाची असते. पहिल्या भेटीत प्रश्नच फार असतात. झोप, भूक, घरची माणसे, पूर्वीचे आजार, दारू-तंबाखू, कर्ज, नोकरी. ‘जीव द्यावासा वाटतो काय?’ असेही विचारतील. या प्रश्नाने दचकू नये. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट असलेला विचार बोलून दाखवण्यास वाट मिळते. सर्व काही पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे असे नाही. रडू आले तर येऊ द्यावे. घरी परतल्यावर थकवा वाटतो, कधी आधीपेक्षा जड वाटते. बऱ्याच जणांना तसे होते.

अनेकांची अपेक्षा असते की समुपदेशक निर्णय सांगतील. सुनेने माहेरी जावे की राहावे, मुलाने बारावी पुन्हा द्यावी की दुकान टाकावे, हे ते ठरवत नाहीत. ते आपल्याला विचार करण्यास मदत करतात. याची एक पद्धत महाराष्ट्रात चांगली रुजली आहे. न्यूयॉर्कचे डॉ. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती प्रा. कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली स्थापन केलेल्या ‘आय.पी.एच.’ या संस्थेतही तिचा वापर होतो. तिचे सूत्र असे : घटना आणि दुःख यांच्यामध्ये आपला विचार उभा असतो. सोयाबीन बुडाले ही घटना. ‘यंदा नुकसान झाले, फार वाईट झाले’ हा एक विचार. ‘मी तोंड दाखवण्याच्या लायकीचा राहिलो नाही’ हा दुसरा. पहिल्यातून दुःख होते, दुसऱ्यातून माणूस खचतो. समुपदेशक हा दुसरा विचार तपासायला लावतात, आणि वहीत टिपून आणण्याचा घरचा अभ्यासही देतात.

याचा अर्थ अन्याय हा मनाचा खेळ आहे असा नव्हे. भाड्याच्या खोलीसाठी आडनाव विचारले गेले, वसतिगृहात टोमणे ऐकावे लागले, कार्यालयात आरक्षणावरून डिवचले गेले, तर तो अपमान खराच आहे. असे सांगितल्यावर समोरची व्यक्ती ‘जातबीत आता कोठे राहिली?’ असे म्हणून विषय झटकत असेल, तर आपल्याला हे लागले आहे, असे त्यांना स्पष्ट सांगावे. तरीही ऐकले जात नसेल तर समुपदेशक बदलावा. जखम कोठे आहे हेच ज्याला दिसत नाही, त्याच्याकडून मलमपट्टी कशी होणार?

लहान गावात मोठी भीती असते ती बोभाट्याची. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे थोडे अपवाद आहेत. बालकावरील लैंगिक अत्याचार मात्र २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार कळवावाच लागतो. आपली माहिती कोणाला व केव्हा सांगाल, हे पहिल्याच भेटीत विचारावे. गावात ओळखीचे फार असतील तर दुसऱ्या शहरातील समुपदेशकाशी फोनवर वा व्हिडिओवरही बोलता येते. मात्र त्या वेळी खोलीत कोणी नसावे.

एका भेटीत गुण येत नाही. आठवड्याला एक याप्रमाणे साधारणतः सहा ते वीस भेटी लागू शकतात. तीन-चार भेटींनंतर आपणच पाहावे : येथे मोकळे बोलता येते काय? आपले ऐकले जाते काय? नसेल तर तसे सांगून थांबण्याचा हक्क आपला आहे. औषधे चालू असतील तर ती मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

खाजगी फी झेपत नसेल त्यांनी जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसोपचाराची चौकशी करावी. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते. जीव देण्याचे विचार येत असतील तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच क्षणी घरच्या विश्वासू माणसाला सांगावे, हा क्रमांक फिरवावा, किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

खाते उघडण्यापूर्वी आपण व्याजाचा दर विचारतो, अटी विचारतो, मगच सही करतो. समुपदेशकाकडेही तसेच विचारून जावे, परंतु जावे. आणि आपल्या घरातील कोणी जात असेल तर त्याची थट्टा न करता त्याला बसस्टँडपर्यंत सोबत करावी, एवढीच समाजबांधवांस आमची विनंती आहे.