आधी झाडू, मग टेप

रत्नागिरी जिल्ह्यातल्या उक्षीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, पण भर दुपारी गेलेल्याला तो चटकन दिसत नाही. ऊन डोक्यावर आलं की काळपट कातळ नुसता सपाट भासतो. सकाळी किंवा उतरत्या उन्हात खाचांमध्ये सावली शिरते आणि सोंड, पाय, पाठ अशा रेषा उमटू लागतात. कातळशिल्पांवर काम करणाऱ्यांचं वेळापत्रक ऊनच ठरवतं.

कामाची सुरुवात मात्र गुराख्याला विचारण्यापासून होते. कातळशिल्पांच्या शोधात सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी रत्नागिरी-राजापूर भागात वर्षानुवर्षं गावोगाव फिरून हेच केलं. काही शिल्पं गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, बाकीची माती-गवताखाली गडप.

मग झाडू. पावसानं आणून भरलेली माती, वाळलेलं गवत, खाचेत धरलेली मुळं सावकाश काढायची. लोखंडी अवजाराची घाई इथं नडते, कारण नव्या ओरखड्याची लाली जुन्या रेषेशेजारी लगेच डोळ्यांत भरते. रेषा मोकळ्या झाल्या की टेप लावून मापं घ्यायची आणि चित्र प्रमाणात कागदावर उतरवायचं. कशेळीच्या हत्तीला तेवढ्यानं भागत नाही. तो सुमारे १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद आणि त्याच्या अंगात आणखी सत्तरएक आकृत्या! सबंध पाहायचा तर ड्रोन उडवावा लागतो. कोरणाऱ्यानं तो सबंध कुठून पाहिला असेल, कोण जाणे.

या सड्यांवर वाघ आहे, मुशी आहे, पाकट आहे. आज कोकणात औषधालाही न सापडणारा गेंडासुद्धा आहे. शेतीचं चित्र मात्र नाही. त्यावरून ही शिकार-संकलनावर जगणाऱ्या माणसांची कला असावी, असं मत राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे तत्कालीन संचालक तेजस गर्गे यांनी मांडलं होतं.

ही कला जपायची कशी, हा पुढचा प्रश्न. स्टॉकहोमच्या स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात १८९१पासून ठिकठिकाणची जुनी घरं उचलून आणून मांडली गेली. इथं उचलून नेण्याजोगं काहीच नाही. शिल्प म्हणजे जमीनच, आणि ती बहुतेक ठिकाणी खासगी मालकीची.

शिवाय हा कातळ जांभ्या दगडाचा, आणि याच जांभ्यावर कोकणचा मोठा धंदा उभा आहे. ताजा जांभा मऊ असतो, हवा लागली की टणक होतो. म्हणून चिरेखाणीत यंत्राचं पातं सड्यावरून सरळ रेघा ओढत जातं आणि मागे एकसारखे चिरे निघतात. मालकाला चिऱ्याचा भाव ठाऊक असतो. शिल्पाचा भाव त्याला कुणी सांगितलेला नसतो, त्यामुळे या कामात झाडूइतकाच वेळ ओटीवर बसून बोलण्यात जातो. उक्षीत गावानं मनावर घेतलं आणि हत्तीभोवती संरक्षक भिंत उभी राहिली. ती चिऱ्यांचीच! असा आडोसा पुरेसा आहे. शिल्पांवर छप्पर घालण्याचा मोह मात्र टाळलेला बरा, नाहीतर ज्या तिरप्या उन्हात रेषा दिसतात तेच अडेल.

युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत २०२२मध्ये ही शिल्पं आली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामळ. यादीतलं नाव हे कायद्याचं कुंपण नव्हे. बारसूच्या सड्यावर एप्रिल २०२३मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं, गावकरी आडवे आले, आणि आंदोलनाच्या बातम्यांमधून कातळशिल्पं पुष्कळ मराठी घरांत पहिल्यांदाच पोहोचली.