तालुक्याची सरासरी आणि कुलूपबंद घर

नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यात गिरणा नदीकाठची, चणकापूर धरणाच्या पाण्यावर कांदा पिकवणारी गावे आणि पश्चिमेकडील डोंगरउतारावर पावसाच्या भरवशावर नागली-वरई घेणारे कोकणा व भिल्लांचे पाडे एकाच प्रशासकीय सीमेत येत असल्यामुळे, तालुक्याची म्हणून काढलेली सरासरी या दोहोंपैकी कोणाचेच चित्र धडपणे दाखवीत नाही. समूहाच्या आकड्यावरून त्यातील व्यक्तीविषयी निष्कर्ष काढणे हा संशोधनपद्धतीतील एक जुना दोष असून, समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवरून तो उघड केला: परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक असलेल्या राज्यांत साक्षरताही अधिक दिसत होती, परंतु व्यक्तिशः पाहता परदेशी जन्मलेलेच तुलनेने अधिक निरक्षर होते, ते फक्त साक्षर राज्यांत जाऊन वसले होते.

याहून अवघड, आणि अहवालांत सहसा न दिसणारा, प्रश्न नमुन्याचा, म्हणजे सर्वांच्या वतीने निवडलेल्या थोड्या कुटुंबांचा आहे. द्राक्षहंगामात डोंगरपट्ट्यातील अनेक कुटुंबे दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जातात. अशा वेळी पाहणी करणाऱ्याने कुलूपबंद घर सोडून शेजारचे घेतले, तर स्थलांतर करणारेच स्थलांतराच्या अभ्यासातून गळतात. नमुना वाढवून ही त्रुटी भरून निघत नाही, कारण तीच चूक फक्त अधिक घरांत होते. म्हणून बदली घर न घेता, कुटुंबे शेतीसाठी गावी असतात त्या पावसाळ्यात पुन्हा भेट देणे, आणि तरीही न भेटलेल्यांची संख्या निष्कर्षाशेजारीच छापणे योग्य ठरते.