वय मोजावे की किलोमीटर?

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. परंतु दिल्ली परिसरात जुनी आलिशान मोटार जपणाऱ्यांना हौसेचा हिशेब मांडावाच लागतो. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने राजधानी क्षेत्रात १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल व १५ वर्षांपेक्षा जुन्या पेट्रोल वाहनांवरील बंदी कायम केली. निकष वयाचा, गाडी किती धावली, याचा नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये मालकांना दिलासा मिळाला. डिसेंबरात तो बीएस-४ व त्यापुढील वाहनांपुरता सीमित झाला. म्हणून आधी नोंदणी पुस्तिका उघडावी, मग बॉनेट.

उभी मोटारही झिजते. बॅटरी उतरते, टायर एकाच जागी भार सोसून चपटे होतात, ब्रेक ऑइल ओलावा शोषते, उंदीर वायरी कुरतडतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलही टाकीत फार काळ ठेवणे हिताचे नाही. पावसाळ्यात प्लास्टिकऐवजी हवा खेळती ठेवणारे कापडी आच्छादन घालावे. इंजिन दोन मिनिटे सुरू करून बंद केल्यास सायलेन्सरमध्ये पाणी साचते. मुभा असल्यास इंजिन पुरते तापेपर्यंत फेरी मारावी. जिला रस्ता बंद आहे, तिची बॅटरी सोडवून चाके आधारावर उचलून ठेवावीत. ना हरकत प्रमाणपत्र घेऊन परराज्यात नोंदणी करण्याचा पर्यायही वेळीच तपासावा.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार मूळ रूपात राखलेल्या, ५० वर्षांहून जुन्या मोटारीस ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. पंधराव्या वर्षापासून तिथवरची ३५ वर्षे मात्र मालकाच्या निष्ठेची कसोटी पाहणारी असतात.