अम्मींचा पंखा आणि गिझरचा अर्धा तास

मार्चमधली गोष्ट. शाळेतून आलो तर अम्मी खोलीत घामाघूम बसलेल्या आणि पंखा बंद. विचारले तेव्हा म्हणाल्या, "बिल किती येतं बेटा! मला कुठं एवढं गरम होतं?" आदल्या दिवशी आम्हीच बिलावरून घरात आरडाओरड केली होती. ती अशी म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर गेली.

त्या रात्री मुलांना घेऊन हिशेब मांडला. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. अम्मींचा पंखा ७५ वॅटचा. तो सुमारे १३ तास फिरतो, तेव्हा एक युनिट. गिझर २००० वॅटचा. पाणी तापताना अर्ध्या तासातच तो एक युनिट खातो. थंडी सरली होती, तरी सवयीने तो रोज सकाळी चालूच होता. म्हणजे अम्मींनी दिवसभर उकाडा सोसून जे वाचवले, ते आमच्या अंघोळीत गेले!

मग आम्ही काय केले?

गिझर उन्हाळाभर बंद. जुन्या ४० वॅटच्या ट्यूबच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी लावली. टीव्हीबरोबर सेट-टॉप बॉक्सही भिंतीवरच्या बटनाने बंद करतो, कारण रिमोटने बंद केला तरी तो थोडी वीज घेतच राहतो. फ्रिज भिंतीपासून थोडा पुढे ओढला आणि गरम सालन त्यात ठेवणे सोडले. वुजूचा नळ गळत होता, त्याचा वायसर बदलला. टाकी लवकर रिकामी झाली की मोटर जास्त चालते, आणि एक हॉर्सपॉवरची मोटर तासाला पाऊण युनिटहून जास्त घेते. डाळ आधी भिजवून कुकरला लावली की गॅसही कमी लागतो.

आता दर जुम्याला मुले मीटरचा आकडा वहीत लिहितात. महाराष्ट्रात घरगुती विजेचे टप्पे आहेत: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून बराच चढा. आपण कोणत्या टप्प्याकडे चाललो आहोत, हे बिल येण्याआधीच कळते.

शेवटी अम्मींच्या खोलीत सुमारे ३० वॅटचा बीएलडीसी पंखा बसवला. तो महागच पडला. पण रोज १३ तास चालला तरी जुन्यापेक्षा महिन्याला १७ युनिट कमी घेतो. अम्मींना हिशेब समजावला, तेव्हा कुठे त्यांनी बटनावरचा हात काढला.

आपल्या दीनने इस्राफला मनाई केली, तशी कंजूषीलाही. वाया जाते ते थांबवायचे, माणसाची गरज नव्हे. तुमच्या घरी बिलावरून बोलणे निघेल, तेव्हा आधी पाहा, कोण गुपचूप पंखा बंद करून बसले आहे.