माल कंपनीचा, मग बसवणाऱ्याचं काय?
ग्राहकाचा कायदा, गावाकडून : लेखांक ७

"मोटर कंपनीची. आम्ही फक्त बोअरमध्ये सोडून दिली. कळवतो, कंपनीचा माणूस येईल." पारनेरपासून जामखेडपर्यंत हे ऐकलं नाही असा बागायतदार सापडणं अवघड. माणूस येतो आठ-पंधरा दिवसांनी, आणि श्रीगोंद्याची उन्हाळ्यातली लिंबोणी तोवर थांबत नाही. शेतकरी मग पदरचे पैसे घालून मोटर भरून घेतो, पुन्हा सोडतो, आणि गॅरंटीचा कागद कपाटात तसाच राहतो.

दुकानदाराचं म्हणणं अगदीच खोटं नाही. मोटर त्यानं बनवलेली नाही, आतली वाइंडिंग उघडून पाहणं त्याच्या हातात नव्हतं. पण बोअर किती फूट, पाणी किती फुटांवर, साडेसातची घ्यावी की पाचची, पंप किती स्टेजचा, केबल किती एमएमची, हे ठरवलं कोणी? बहुतेक वेळा त्यानंच. गिऱ्हाईक एवढंच म्हणालं होतं, "आमचं बोअर असं असं आहे, पाणी वर आलं पाहिजे." मालविक्रीचा 1930 सालचा कायदा नेमकं इथंच बोट ठेवतो. गिऱ्हाइकानं गरज सांगितली, विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवली, आणि तसला माल विकणं हा त्या विक्रेत्याचा धंदाच आहे, तर माल त्या कामाला लायक असल्याची हमी कागदावर नसली तरी धरली जाते. "मला अमुकच कंपनीचं तमुकच मॉडेल दे" म्हणून नावानं मागितलं असेल तर ही हमी सैल पडते. माल विकण्याजोग्या दर्जाचा असावा ही दुसरी अट मात्र तरीही उरते. वरून पाहून दिसणार नाही असा दोष त्या दुसऱ्या अटीत येतो, आणि मोटरच्या आतला दोष वरून कोणाला दिसतो?

खरा घोळ पुढेच आहे. मोटर जळाली हे सगळ्यांना मान्य असतं. का जळाली यावर सगळं अडतं. कंपनी म्हणते सिंगल फेजिंग झालं, दुकानदार म्हणतो व्होल्टेज नव्हतं, शेतकरी म्हणतो मोटरच खराब निघाली. याचं उत्तर बऱ्याचदा जळक्या वाइंडिंगवरच लिहिलेलं असतं. एक फेज गेल्यावर मोटर चालू राहिली असेल तर काही कॉइली काळ्या ठिक्कर पडतात आणि शेजारच्या चकचकीत राहतात. कमी व्होल्टेज किंवा जास्त लोड असेल तर सगळी वाइंडिंग सारखीच करपते. एखाद्याच जागी तांबं वितळून भोक पडलं असेल तर तिथल्या इन्सुलेशनवर संशय घ्यायला जागा आहे. म्हणून रिवाइंडिंगवाला हा अशा तक्रारीतला पहिला साक्षीदार, आणि तोच नकळत पुरावा भंगारात टाकतो. मोटर उघडताना दुकानदाराला समोर बोलवा, फोटो काढा, रिवाइंडिंगवाल्याकडून काय दिसलं ते दोन ओळींत लिहून घ्या, तांबं ताब्यात ठेवा. कंपनीचा माणूस आल्याशिवाय मोटर उघडायचीच नाही, असंही गॅरंटीच्या अटींत असू शकतं. तसं असेल तर त्याला आधी लेखी बोलावणं धाडा. तोंडी बोलावण्याला पुढं कोणी विचारत नाही.

बसवणाऱ्याची चूक ही याहून वेगळी गोष्ट. पाणी भरायच्या मोटरमध्ये पाणी न भरताच ती खाली सोडली, लांबी जास्त असून केबल बारीक घातली, पाण्यातला जोड नीट बांधला नाही, फेज गेल्यावर बंद पाडणारं प्रिव्हेंटर जोडलंच नाही, तर कंपनीची मोटर सोन्याची असली तरी जळणारच. हे खापर कंपनीवर फोडता येत नाही.

ही चर्चा आपल्याकडचीच आहे असं नाही. इंग्लंडमध्ये एका बिल्डरनं घरांच्या छपरांसाठी एकाच कारखान्यात बनणारी ठरावीक कौलं सांगितली आणि कौलारू कामाच्या ठेकेदारानं ती आणून बसवली. कौलांमध्येच छुपा दोष होता. काही महिन्यांत त्यांचे पापुद्रे निघू लागले. कौल निवडलं बिल्डरनं, बनवलं कारखान्यानं, तरी 1968 साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं दर्जाची जबाबदारी ठेकेदारावर ठेवली. कारण सरळ व्यवहारी होतं. बिल्डरचा करार ठेकेदाराशी आहे, कारखान्याशी नाही. ठेकेदार पुढं आपल्या पुरवठादाराला धरू शकतो. त्याला सोडून दिलं तर साखळी तिथंच तुटते आणि नुकसान ज्याचा काडीचा दोष नाही त्याच्या गळ्यात पडतं. मला हा न्याय पटतो. नगरच्या दुकानदाराला कंपनीचा डिस्ट्रिब्युटर ठाऊक असतो, त्याचा वर्षाचा हिशेब तिथं चालतो. शेतकऱ्याला कंपनीचा टोल-फ्री नंबर तेवढा ठाऊक.

आपला 2019 सालचा ग्राहक संरक्षण कायदा, जुलै 2020 पासून लागू झालेला, या बाबतीत थोडा वळसा घेतो. 'विक्रेता' या व्याख्येत त्यानं माल बसवणारा, दुरुस्त करणारा, देखभाल करणारा यांनाही स्पष्ट घेतलं. पण सदोष मालानं माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर स्वतः माल न बनवणाऱ्या विक्रेत्यावर दायित्व येतं ते ठरावीक परिस्थितीतच. त्यानं मालाची रचना किंवा तपासणी आपल्या हातात ठेवली, मालात फेरफार केला, स्वतःची वेगळी हमी दिली, जोडणी किंवा पाहणीत हयगय केली, धोक्याच्या सूचना पुढं सांगितल्या नाहीत, किंवा मूळ उत्पादक सापडतच नाही, अशा वेळी. ही शेवटची बाब बिनब्रँडच्या मालासाठी लक्षात ठेवा. दिल्लीचा स्टिकर लावलेला, पत्ता नसलेला स्टार्टर विकणाऱ्याला "कंपनीला विचारा" म्हणायची सोय उरत नाही. शिवाय माल बदलून द्या, पैसे परत द्या, सेवेतली कमतरता भरून द्या, ही साधी तक्रार विक्रेत्यावर पूर्वीसारखी करता येतेच.

मोटरपेक्षा शेततळ्याच्या कागदाचं प्रकरण मला जास्त गुंतागुंतीचं वाटतं. पाचशे मायक्रॉनचा कागद आणणारा, त्याचे पट्टे गरम मशीननं जोडणारा आणि तळ्यात अंथरणारा बहुधा एकच माणूस असतो. दर ठरतो मटेरियलसह. पावसाळ्यात तळं भरलं आणि दिवाळीपर्यंत निम्मं आटलं, तर दोष कशाचा? कागदच पातळ, की सांधा नीट चिकटला नाही, की खालचे खडे वेचले नाहीत, की कडेच्या चरात कागद नीट पुरला नाही? कागद आणि काम दोन्ही एकाच्याच हातचं असल्यामुळं त्याला "माल खराब होता" म्हणून सुटता येत नाही आणि "काम खराब होतं" म्हणूनही नाही. दोन्हीकडून तोच उत्तरदायी. अडचण होते ती खडे वेचायचं काम शेतकऱ्यानं स्वतःकडं घेतलं असेल तेव्हा. म्हणून अंथरण्याआधी तळाचा फोटो काढलेला बरा, आणि कागदाचा हातभर तुकडा, रोलवरच्या आयएसआय छाप्यासह, घरात ठेवून द्यावा. ग्राहक आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. प्लास्टिकची तपासणी करणारी केंद्र सरकारची सिपेट ही संस्था शेजारी संभाजीनगरलाच आहे.

नमुना उरलाच नसेल तर? बियाण्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2012 साली, नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनविरुद्धच्या खटल्यात, सांगितलं की पुढं खटला होईल म्हणून शेतकरी बियाणं मागं राखून ठेवेल ही अपेक्षाच चुकीची. त्याच लॉटचा नमुना कंपनीकडून मागवता आला असता. शेतकरी ग्राहक ठरतो, हेही त्याच निकालात पक्कं झालं. शिर्डीच्या लॉजवाल्यानं चाळीस खोल्यांना गीझर बसवून घेतले तर मात्र समोरचा वकील 'व्यापारी हेतू' हा मुद्दा काढणार. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून चालवलेला धंदा असेल तर कायदा सवलत देतो. एवढा मोठा लॉज त्यात बसवणं कठीण.

या सगळ्याला एक खिळा लागतो, तो म्हणजे बिल. "जीएसटी लावू का? अठरा टक्के वाढतील" असं विचारलं की आपण मान हलवतो आणि कोऱ्या चिठ्ठीवर आकडा घेऊन घरी येतो. वाचलेले पैसे दिसतात, गेलेला हक्क दिसत नाही. खरं तर बिल न देणं हीच कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" हा पावतीवरचा शिक्काही सदोष मालापुढं चालत नाही. बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, असा माल परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा तशीच प्रथा धरली आहे. बिलावर मोटरचा नंबर आणि "बसवून देण्यासह" हे शब्द लिहून घ्या. हे दोन शब्द नसले की "मजुरी वेगळ्या माणसाची होती" हा युक्तिवाद ठरलेला.

सरकारी सौर पंपांत हा वाद निदान कागदावर तरी मिटलेला आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत कंपनी शेतकरी यादीतून निवडतो, पंप आणून बसवते तीच कंपनी, आणि पाच वर्षं दुरुस्तीही तिच्याच गळ्यात. खासगी दुकानातल्या पंपाला असं करारपत्र कोणी देत नाही, पण मागायला काय हरकत आहे?

तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, त्यामुळं पुण्यातून आणलेल्या पंपासाठी पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत, नगरला तक्रार चालते. तक्रारीत दुकानदार आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. एकालाच केलं की तो गैरहजर असलेल्याकडं बोट दाखवतो.

पुढच्या आठवड्यात : व्होल्टेजच नव्हतं, तर महावितरणकडं काय मागता येतं?